नकाराचे कारण इतिवृत्तात लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
पुणे शहरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : भाडेकरूला नकार देताना त्याचे कारण लेखी नोंदवण्याबाबत.

महोदय / महोदया,



मी तुमच्यातलीच आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर सहा वर्षे आमच्या सोसायटीची मानद सचिव होते. पाण्याचे टँकर, गच्चीची गळती, पार्किंगमधले पांढरे पट्टे, कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्या काकू, ‘आयत्या वेळचे विषय’ या नावाखाली होणारी भांडणे, असे सगळे माझ्या हाताने इतिवृत्तात उतरले आहे. सवय बँकेची, त्यामुळे कोणी काय म्हटले, सूचक कोण, अनुमोदक कोण, सारे जागच्या जागी. एकदा लेखापरीक्षकांनी वही उलटून पाहिली आणि म्हणाले, बाई, तुमच्या वहीवरून सोसायटीचा इतिहास लिहिता येईल.

त्या वहीत एक गोष्ट नाही. ती माझ्यामुळे नाही.

साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वीचा ज्येष्ठ. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. सकाळी आमच्या महिला मंडळाने वारकऱ्यांना चहा आणि राजगिऱ्याचे लाडू वाटले. उन्हाने रापून काळेठिक्कर पडलेला एक म्हातारा लाडू घेऊन माझ्या पाया पडला. मी गडबडले आणि वारीच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या पाया पडले. ‘माउली,’ तो म्हणाला. ‘माउली,’ मी म्हणाले. दिवसभर मन भरलेले होते.

त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट दाखवायला एजंट एका मुलाला घेऊन ऑफिसात आला. मुलगा केनियाचा, मोंबासाचा. इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये व्हिसा, कॉलेजचे पत्र, वडिलांच्या बँकेचा दाखला. इतकी नीट लावलेली कागदपत्रे मी कर्ज विभागात असतानाही क्वचित पाहिली होती. त्याने हात जोडून ‘नमस्ते’ केले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी खजिनदारांकडे पाहिले. खजिनदार पंख्याकडे पाहू लागले. मग मी माझ्या उत्तम इंग्रजीत त्याला सांगितले की सॉरी, फ्लॅट कालच गेला.

‘थँक यू, मॅडम,’ म्हणून तो उठला. जाताना त्याने खुर्ची जागेवर सरकवून ठेवली.

फ्लॅट पुढे चार महिने रिकामा होता. ‘असले लोक आणत जाऊ नका’ हे एजंटला जिन्यात सांगण्यात आले. जिन्यातल्या बोलण्याचे इतिवृत्त नसते.

माझे म्हणणे ऐकण्याआधी मी कोण बोलते आहे तेही ऐका. ‘फ्लॅट कालच गेला’ हे वाक्य मला नवे नव्हते. त्याची मराठी आवृत्ती मी स्वतः अकरा वेळा ऐकली होती. मी सावळी. खरे तर सावळी हा शब्द आमच्या आईने लावलेला. बाकीचे सरळ काळी म्हणत. लग्नाच्या वयात रोज रात्री साय आणि हळद, आणि दर रविवारी कांदेपोहे. पाहुणे पोहे खात, माझ्या पगाराची चौकशी करत, आणि आठवड्याने निरोप येई, ‘पत्रिका जुळत नाही.’ त्यांतल्या दोन घरांनी आमच्याकडून पत्रिका मागून घेतलीच नव्हती. आई तरी प्रत्येक वेळी म्हणायची, ‘ग्रहच आड आले गं.’ देव्हाऱ्यात विठोबा होता. तो तर आमच्या घरात माझ्यापेक्षा काळा. त्याच्या लग्नाची मात्र कोणाला अडचण आली नव्हती.

म्हणजे त्या संध्याकाळी त्या मुलाला काय ऐकू आले असेल, हे आमच्या ऑफिसात फक्त मला नेमके ठाऊक होते. आणि ते वाक्य उच्चारायला तोंड उघडले तेही माझेच.

दोन वर्षांनी आम्ही बँकेतल्या मैत्रिणी वेरूळला गेलो. वाटेत खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन. निजलेला मारुती मी पहिल्यांदाच पाहत होते. दर्शन झाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, इथवर आलाय तर मलिक अंबरही बघा. सुफी अवलियांचे दर्गे, औरंगजेबाची उघडी कबर आणि शेंदूर माखलेला मारुती, असे सगळे एका गावात नांदते. गर्दी मात्र ठरलेल्या ठिकाणीच. मलिक अंबराच्या घुमटाखाली आम्ही सहाजणी आणि कबुतरे. ‘ह्यानंच वसवलं आमचं शहर,’ ड्रायव्हर म्हणाला, आणि मी शाळेत पाठ केलेले ‘निजामशाहीचा वजीर मलिक अंबर’ हे उत्तर मला आठवले. दोन गुणांचे उत्तर होते. तो दिसायला कसा होता, कुठून आला, हे त्या दोन गुणांत नव्हते.

घरी येऊन वाचत गेले. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला पोरगा. लहानपणी त्याचे नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, पुन्हा विकला गेला. येमेनचे मोखा बंदर, मग बगदाद. अंबर हे नाव एका मालकाने दिलेले, धर्मही त्याच वाटेवर मिळालेला. शेवटी दख्खनेत त्याला विकत घेतले चंगेझखानाने. हा निजामशाहीचा पेशवा, आणि तोही मूळचा हबशी गुलामच. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. मग त्याने स्वतःची फौज उभी केली, पडायला आलेली निजामशाही सावरून धरली आणि जहांगीरच्या एकामागून एक सरदाराला दख्खनच्या डोंगरांत दमवून परत पाठवले. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत मराठे घोडेस्वार होते, भोसले होते. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या परमानंदांच्या ‘शिवभारता’त या हबशाचे नाव येते ते गौरवानेच येते.

1610 मध्ये त्याने खडकी या गावी राजधानी वसवली. जमिनीखालून नहर खणून शहरात पाणी खेळवले. 1612 चा भडकल दरवाजा आजही उभा आहे. जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत ‘मलिकंबरी धारा’ म्हणून गावोगाव पुढेही बोलली जात राहिली. खडकीचे त्याच्या मुलाने फतेहनगर केले, औरंगजेबाने औरंगाबाद केले, आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नावांवरून भांडायला मी हे पत्र लिहीत नाही. चारशे वर्षांत एवढी नावे बदलली, पण ज्याने पहिला दगड बसवला तो आमच्या सोसायटीत भाड्याने घर मागायला आला असता तर मी त्याला काय सांगितले असते, एवढेच मला त्या रात्री सुचले. मी सांगितले असते की खडकी कालच गेली.

माझी मुलगी नोकरीनिमित्त डब्लिनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला तिथल्या किल्ल्यातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात नेले. जहांगीरच्या चित्रशाळेतला अबुल हसन, त्याने 1616 च्या आसपास काढलेले एक चित्र या संग्रहात आहे. आम्ही गेलो त्या दिवशी ते मांडलेले नव्हते. दुकानातल्या पुस्तकात पाहिले. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य, आणि समोर भाल्यावर खोचलेले मलिक अंबरचे काळे मुंडके. बादशहा त्या मुंडक्याच्या तोंडात बाण मारतो आहे. प्रत्यक्षात त्याला अंबर कधीच सापडला नाही. अंबर ऐंशीच्या जवळ पोचून 1626 मध्ये स्वतःच्या मरणाने मेला. जहांगीर त्याच्या आठवणींतही अंबरच्या रंगावरून कुत्सित विशेषणे लावल्याशिवाय पुढे जात नाही. पण अंबर मेल्यावर मोगल दरबारच्याच मोतमदखानाने लिहून ठेवले की युद्धात आणि कारभारात याला जोड नव्हती, हबशी गुलाम एवढ्या योग्यतेला चढल्याचे दुसरे उदाहरण नाही.

मला त्या चित्राचा राग यायला हवा होता. आला तो वेगळाच विचार. जहांगीरने आपला द्वेष निदान सोन्याच्या रंगात काढून ठेवला. सही-शिक्क्यानिशी. चारशे वर्षांनी कोणीही येऊन पाहू शकते की याच्या मनात काय होते. आमच्या सोसायटीचे दप्तर तपासायला चारशे वर्षांनी कोणी आले तर त्याला वाटेल, काय सुसंस्कृत माणसे! एकाही परदेशी मुलाविषयी एकही वाईट शब्द नाही.

तिथल्या कॅफेत मुलीला मी हे सांगितले. ती कपातला चहा ढवळत म्हणाली, ‘आई, तो मुलगा मला आठवतो. मी तेव्हा ऑफिसच्या दारात किल्ली घ्यायला उभी होते.’ मग तिने डब्लिनमध्ये घर शोधतानाची एक गोष्ट सांगितली, जी तोवर मला सांगितली नव्हती. एका घरमालकिणीने तिला सरळ विचारले होते की तुमच्या फोडणीचा वास पडद्यांना बसतो, त्याचे काय? घर मिळाले नाही. ‘पण तिने कारण तरी सांगितलं,’ मुलगी म्हणाली, ‘मला भांडता आलं.’ 2025 च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली, तेव्हा मी रोज तिला फोन करत होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे हळहळले. ‘रेसिझम’ हा शब्द त्या ग्रुपवर पहिल्यांदा त्या आठवड्यात टाइप झाला असावा.

आता तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, बाई, मलिक अंबराचे ठीक आहे, पण जंजिऱ्याचे हबशी शिद्दी विसरलात का? नाही विसरले. माझे आजोळ मुरूडजवळचे. दुपारी झोपत नसू तेव्हा आजी म्हणायची, ‘शिद्दी येईल हं.’ राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून मी तो किल्ला दहा वेळा पाहिला आहे. दरवाजावर हत्तींना पंजात धरलेला सिंह कोरला आहे. शिवाजी महाराजांना तो किल्ला घेता आला नाही, संभाजी महाराजांनाही नाही. शिद्द्यांच्या स्वाऱ्यांनी किनारा पोळून निघाला हे खरे आहे. 1727 मध्ये शिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुरामाचे देवस्थान लुटले हेही खरे आहे. पण त्याचे भाडे मोंबासाच्या मुलाने कशासाठी भरायचे? आणि वहीच उघडायची तर पूर्ण उघडू. पन्हाळ्याला वेढा घालणारा शिद्दी जौहर आपल्याला पाठ असतो. तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूने गेलेला शिद्दी हिलाल किती जणांना आठवतो? शिद्दी या शब्दाचे मूळ ‘सय्यदी’, म्हणजे माझे स्वामी. माझी आजी मला मालकाची भीती घालत होती, आणि हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

मोंबासाकडे परत येते, कारण या प्रवासात मला सगळ्यात जास्त लाज तिथेच वाटली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली. सोडवलेली कितीतरी आफ्रिकी मुले मुंबईला उतरली आणि त्यांतली बरीचशी नाशिकला, मिशनऱ्यांच्या शरणपूर वस्तीत वाढली. शाळा शिकली, हातकाम शिकली, ख्रिस्ती झाली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे नावच पडले ‘नासिक बॉइज’. त्यांच्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेच्या आत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनपर्यंत पोचला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचा देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा नाशिकचा हा विद्यार्थी शवपेटी धरणाऱ्यांत होता. पुढे 1875 मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वस्ती उभी राहिली. नाव दिले मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे, आणि ती उभी करणाऱ्यांत नाशिकहून परतलेली माणसे पुढे होती.

तेव्हा त्या संध्याकाळी मोंबासा हे नाव ऐकून मी निदान एवढे म्हणू शकले असते की बाबा, तुझ्या गावाजवळ आमच्या नाशिकची माणसे राहिली आहेत, बस, पाणी घे. पाणीसुद्धा विचारले नव्हते. नाशिक-मोंबासा हा रस्ता मला माहीत नव्हता, हे खरे. पाणी विचारायला तो माहीत असायची गरज नव्हती, हेही खरे.

मागच्या हिवाळ्यात मी कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलभागात गेले होते. तिथे सिद्दींच्या वस्त्या आहेत. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम पळून घाटात शिरले, त्यांच्यातल्या अनेकांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि घरात बोलतात ते कोकणीच्या वळणाचे. मी मोडक्या मालवणीत बोलले तर अंगणातली आजी कन्नड सोडून माझ्याशी त्याच सुरात बोलू लागली. ती गोधडी शिवत होती. जुन्या लुगड्यांची ठिगळे, धावदोरा, अगदी आपल्याकडची गोधडी. तिकडे तिला कवंदी म्हणतात. गोधडी पूर्ण होत आली तेव्हा तिने चारी कोपऱ्यांवर रंगीत चिंध्यांच्या त्रिकोणी घड्या शिवल्या. ही फुले. फुले लावल्याशिवाय कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. मी ती विकत घेतली. आज ती माझ्या पलंगावर आहे. सोसायटीतल्या बायका येतात, हात फिरवून म्हणतात, काय सुंदर काम आहे, कुठून आणलीत? सांगते तेव्हा त्या अगदी मनापासून म्हणतात, ‘हो? अशी दिसत नाही.’

कशी दिसायला हवी होती, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही. विचारायला हवे.

आता मागणी. पत्र लांबले, पण मागणी छोटी आहे.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला भाडेकरू ठेवण्यासाठी आपली पूर्वपरवानगी लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याने आपल्याला कळवायचे, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची. भाडेकरू परदेशी असेल तर घरमालकाने त्याची माहिती सरकारला वेगळी कळवायची. एवढेच. तरी आपण एनओसी मागतो, मुलाखती घेतो, एजंटला जिन्यात गाठतो. हे उद्या बंद होईल अशी माझी भाबडी समजूत नाही. 2014 मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये मध्यरात्री आफ्रिकी बायकांवर जमाव गेला, 2017 मध्ये ग्रेटर नोएडात नरभक्षणाची अफवा उठली आणि नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण झाली. असे काही झाले की आपण म्हणतो, तिकडची माणसे तशीच. पुण्यात दगड कोणी उचलत नाही. पुण्यात आपण म्हणतो, सॉरी, कालच गेला.

म्हणून माझे एवढेच म्हणणे आहे की नकार द्यायचाच असेल तर तो द्या, पण कारण इतिवृत्तात लिहा. तारीख, अर्जदार कुठला, सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि नाकारण्याचे खरे कारण, मराठीत, सुवाच्य अक्षरात. पुढच्या सभेत ते वाचून कायम करा. मी सहा वर्षे इतिवृत्त लिहिले आहे. अनुभवाने सांगते, जी वाक्ये जिन्यात सहज तोंडातून येतात, ती वहीत लिहायला घेतली की पेन थांबते. थांबू द्या. थांबलेल्या पेनाकडे पाहत दोन मिनिटे बसा. मग वॉचमनला सांगा, त्या मुलाला परत बोलाव.

बोलायच्या आधी करावे म्हणून सुरुवात माझ्यापासून. सध्याच्या सचिवांच्या परवानगीने, पुढील सभेत वाचून दाखवण्यासाठी मी ही नोंद दिली आहे :

‘राहून गेलेली नोंद. ज्येष्ठ महिना, पालखी मुक्कामाचा दिवस, सायंकाळी सातच्या सुमारास. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेसाठी केनियातील एका विद्यार्थ्याचा अर्ज आला. कागदपत्रे पूर्ण होती. सदनिका रिकामी होती. ती गेली असे सचिवांनी अर्जदारास खोटे सांगितले. कारण : अर्जदाराचा रंग. सूचक : कोणी नाही. अनुमोदक : उपस्थित सर्व. अर्जदाराने जाताना खुर्ची जागेवर ठेवली.’

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक माजी मानद सचिव